स्कूटरला मोठा हॉर्न बसवताना: आधी वायर बघा, मग हॉर्न

नवा हॉर्न आणायच्या आधी थोडा वेळ जुन्याला द्या. स्कूटर मेन स्टँडला लावा, मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर रीडिंग घ्या आणि लिहून ठेवा. मग हॉर्नच्या वायरी न काढता त्याच्या मागच्या दोन पिनांना प्रोब टेकवा आणि घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. बॅटरीवर 12.6 आणि हॉर्न वाजताना पिनांवर 12 च्या आसपास मिळत असतील, तर वायरिंग ठीक आहे. पिनांवर 10 किंवा त्याहून कमी दिसले, तर दोन-अडीच व्होल्ट वाटेतच जिरतायत. अशा स्कूटरला कितीही महागाचा हॉर्न लावा, तो घोगराच वाजणार.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. दिवसभर हातात स्ट्रिपर आणि क्रिम्पिंगची पक्कड असते, म्हणून नात्यातल्या आणि बिल्डिंगमधल्या स्कूटरी माझ्याकडे येतात. ‘वहिनी, हॉर्न फारच बारीक वाजतो, मोठा टाकून द्या ना,’ असं म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नव्या हॉर्नची गरजच नसते. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने घासली, ढिला झालेला कनेक्टर पकडीने हलकासा दाबला, बॅटरीची टर्मिनलं साफ करून आवळली, की कंपनीचा हॉर्न पहिल्यासारखा वाजायला लागतो. हँडलवरच्या बटणाच्या आत पावसाचं पाणी जाऊन काँटॅक्ट काळे पडतात. तिथे काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण पुष्कळ वेळा दाबायचं. काही जुन्या हॉर्नच्या मागे रंगाने बंद केलेला एक छोटा स्क्रू असतो. तो आतल्या काँटॅक्टचं अंतर ठरवतो. इंजिन चालू ठेवून तो पाव फेऱ्यापेक्षाही कमी, इकडून तिकडे फिरवून बघता येतो. आवाज खुलला की थांबायचं. त्याहून जास्त फिरवला तर हॉर्न करंट जास्त खातो आणि लवकर मरतो.

एवढं करूनही आवाज पुरत नसेल, तर मात्र मोठा हॉर्न बसवाच. त्यात हौसेचा काही भाग नाही. माझ्यासारख्या कितीतरी बाया सिडकोतून, पाथर्डी फाट्याकडून स्कूटरवर शिफ्टला येतात. गरवारे पॉइंटला महामार्गावरून कंटेनर आत वळतात, एक्सलो पॉइंटला कंपन्यांच्या बस आणि टेम्पो एकाच वेळी घुसतात. ट्रेलरचा ड्रायव्हर उंचावर, उजव्या अंगाला बसलेला असतो. त्याच्या डाव्या पुढच्या चाकाशी असलेली स्कूटर त्याला आरशातही नीट दिसत नाही. केबिनमध्ये इंजिनाची घरघर चालू असते आणि आपल्या स्कूटरचा मूळचा ‘पीं’ त्या घरघरीत विरून जातो. अशा जागी थांबूच नये, हे पहिलं. पण वाहनच आपल्या अंगावर वळायला लागलं, तर त्याला आपण इथे आहोत हे कळलं पाहिजे.

कुठला हॉर्न घ्यायचा, ते आता. दुकानात तीन प्रकार दाखवतात. पहिला चपटा, थाळीसारखा डिस्क हॉर्न. दुसरा शंखासारखा वळलेला, ज्याला कंपन्या विंडटोन म्हणतात आणि गॅरेजवाले सरसकट ‘स्कोडा हॉर्न’ म्हणतात, मग तो कुणाचाही असो. तिसरा हवेचा, सोबत छोटा कॉम्प्रेसर असलेला. तिसऱ्याला हातही लावू नका. त्याचा कॉम्प्रेसर स्कूटरच्या बॅटरीला झेपत नाही आणि कायद्यातही तो अडकतो.

डिस्क आणि विंडटोन आतून एकाच तत्त्वावर चालतात. आत तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यासमोर पोलादी पडदा. करंट गेला की कॉइलचं चुंबक होतं आणि पडद्याला ओढतं. पडदा ओढला गेला की आतला काँटॅक्ट उघडतो, करंट तुटतो, पडदा परत जातो, काँटॅक्ट पुन्हा मिटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि तोच आपला आवाज. डिस्क हॉर्नमध्ये पडद्याबरोबर एक थाळी थरथरते, म्हणून त्याचा आवाज तीक्ष्ण, कानात घुसणारा. विंडटोनमध्ये पडद्याने हललेली हवा वळणदार नळीतून बाहेर येते, म्हणून आवाज भरीव आणि कारसारखा. जोडीत एक ‘हाय’ आणि एक ‘लो’ असतो: लो साधारण 350 हर्ट्झच्या आसपास, हाय 400 च्या थोडा वर. काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत खालचा सूर जास्त शिरतो, मोकळ्या रस्त्यावर वरचा चटकन लक्ष वेधतो. म्हणून दोन्ही एकदम वाजले की माणूस वळून बघतोच.

110 किंवा 125 सीसीच्या स्कूटरसाठी माझी पसंती चांगल्या कंपनीच्या डिस्क हॉर्नच्या हाय-लो जोडीला. रूट्स, युनो मिंडा, हेला, बॉश या कंपन्यांचे हॉर्न नाशकात सहज मिळतात. विंडटोनची जोडी आवाजाला गोड, पण पुढच्या पॅनेलमागे तेवढी जागाच नसते. मग लोक एक शंख आत आणि एक बाहेर, मडगार्डच्या वर लटकवतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो भरतो. विंडटोनच हवा असेल तर एकच घ्या आणि नीट बसवा. ‘12 व्होल्ट’ लिहिलेला आहे ना, तेही बघून घ्या. 24 व्होल्टचे हॉर्न ट्रकसाठी असतात आणि त्याच फळीवर ठेवलेले असतात.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर जाऊ नका. नामांकित हॉर्नवर 105 ते 118 असा आकडा असतो आणि तो साधारण दोन मीटरवर मोजलेला असतो. अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे दोन मीटरवर 112 असलेला हॉर्न चार मीटरवर 106 आणि आठ मीटरवर 100 भरतो. ज्या खोक्यावर 150 किंवा 300 डेसिबल लिहिलंय, ते खोकं तिथेच परत ठेवा.

कायदा सांगते, कारण हे माहीत नसताना बरेच जण भलतंच घेऊन येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 119 वा नियम हॉर्नबद्दल आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न, तसंच कर्कश किंवा दचकवणारा आवाज करणारं कुठलंही यंत्र गाडीला लावायला त्यात मनाई आहे. म्हणजे गाणं वाजवणारा, कुत्र्यासारखा भुंकणारा, पोलिसांच्या सायरनची नक्कल करणारा हॉर्न बेकायदा. हाय आणि लो एकाच वेळी एकच आवाज म्हणून वाजतात, ते सूर बदलणं झालं नाही. गरज नसताना किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 फ खाली पहिल्या वेळी 1,000 रुपये आणि पुन्हा सापडलात तर 2,000 रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाच्या सभोवतालचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, आणि आपल्याकडे सीबीएस बसस्थानकाच्या बाजूचं जिल्हा न्यायालय आणि त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल कुणाला सांगायला नकोत. रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीतही हॉर्न नाही, जिवावर बेतलं असेल तरच.

आता मुख्य काम. दुकानदार म्हणेल, ‘ताई, रिले-बिले कशाला? जुन्याच वायरीला जोडून देतो, पाच मिनिटांत.’ त्याला नको म्हणा, अगदी नम्रपणे, पण नकोच म्हणा.

मूळचा हॉर्न दोनेक अँपिअर घेतो. त्या हिशोबाने कंपनीने बारीक वायर टाकलेली असते आणि हँडलचं बटणही तेवढ्याच करंटसाठी बनवलेलं असतं. मोठा हॉर्न एकटा चार-पाच अँपिअर घेतो, जोडी आठ ते दहा. आता हिशोब करा. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.04 ओहम. बॅटरीपासून चावीच्या स्विचपर्यंत, तिथून हँडलवर, हँडलवरून खाली हॉर्नला, असा तीन मीटरचा फेरफटका धरला तर 0.12 ओहम. दहा अँपिअर गेले की नुसत्या वायरीत 1.2 व्होल्ट गेले, शिवाय चावीचा काँटॅक्ट, बटणाचा काँटॅक्ट आणि तीन-चार कनेक्टर. हॉर्नच्या वाट्याला दहा व्होल्ट राहतात, आणि दहा व्होल्टला त्याला मिळणारी विजेची ताकद बारा व्होल्टच्या मानाने सत्तर टक्क्यांच्या आत येते. उरलेली ताकद बटणात आणि वायरीत उष्णता बनते. मग कधीतरी भर रस्त्यात बटण चिकटतं, नाहीतर मेन फ्यूज उडतो आणि सेल्फसकट सगळं बंद. याउलट अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध मीटरला 0.008 ओहम. बॅटरीतून थेट हॉर्नपर्यंत दीड मीटर जायला आणि दीड परत यायला धरलं, तरी दहा अँपिअरला पाव व्होल्टही पडत नाही.

या दोन वाटांच्या मध्ये रिले बसतो. रिले म्हणजे विजेने दाबला जाणारा स्विच. त्याच्या कॉइलला अँपिअरचा सातवा-आठवा भाग पुरतो, तो आपलं बटण आरामात देतं. जाड करंट बॅटरीतून जाड वायरीने रिलेतून हॉर्नला जातो, बटणाला त्याची झळ लागत नाही.

सामान असं आणा: 12 व्होल्ट, 30 किंवा 40 अँपिअरचा चार पिनांचा ऑटोमोबाइल रिले आणि त्याचा सॉकेट; पात्याचा फ्यूज बसेल असा झाकणवाला फ्यूज होल्डर; 15 अँपिअरचे दोन-तीन फ्यूज; लाल आणि काळी अडीच चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर, प्रत्येकी दोन मीटर; कॉइलसाठी पाऊण किंवा एक चौरस मिलिमीटरची थोडी वायर; 6.3 मिलिमीटरची मादी आणि नर थिंबलं (वायरीच्या टोकाला दाबून, म्हणजे क्रिम्प करून, बसवायची धातूची टोकं), बॅटरीसाठी गोल थिंबलं, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक ट्यूब, केबल टाय, वायरीवर चढवायची काळी कोरुगेटेड नळी. एकच हॉर्न असेल तर दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो. रिले, सॉकेट आणि फ्यूज होल्डर ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात. चांगली वायर आणि थिंबलं इलेक्ट्रिकलच्या दुकानातून घ्या. वायर घरगुती फिटिंगची, आयएसआय मार्कची घ्या. ऑटोची सुटी वायर बाहेरून जाड दिसते, पण सोलून बघितलं की आत तांबं थोडं आणि रबर फार.

चार पिनांचा रिले का सांगते, तेही ऐका. पाच पिनांच्या रिलेत मधे 87ए नावाची जादा पिन असते आणि तिच्यात बटण न दाबताच करंट असतो. हॉर्न चुकून तिच्यावर गेला की बॅटरी जोडताक्षणी वाजायला लागतो आणि थांबतच नाही. पाच पिनांचाच मिळाला तर मधली पिन मोकळी सोडा.

काम सुरू करण्याआधी चावी काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. निगेटिव्ह आधी, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना फ्रेमला लागला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरी काही स्कूटरींत पाय ठेवायच्या पाटाखाली असते, काहींत सीटखाली. मग पुढचं पॅनेल. आधी सगळे स्क्रू, त्यानंतर प्लास्टिकचे लॉक. पॅनेल ओढून काढायचं नसतं. एका बाजूने बोट घालून एकेक लॉक सुटल्याचा ‘टक’ ऐकत पुढे जायचं. नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे काम करू नका. थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि लॉकचे कान तुटतात. स्कूटर तासभर उन्हात उभी करा, मग हात लावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर पॅनेलचा आकार काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या वायरीत घुसू शकतो.

जुना हॉर्न एका बोल्टवर असतो, बहुधा दहा नाहीतर बारा नंबरचा पाना लागतो. त्याच्या दोन वायरी काढून घ्या, पण कापू नका. कंपनीची वायर कापली की वॉरंटीत वाद होतो आणि उद्या गाडी विकताना मूळचा हॉर्न परत लावता येत नाही. त्या दोन वायरींच्या टोकांत नवी नर थिंबलं घातली की झालं.

जोडणी अशी. रिलेच्या पोटावर आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून लाल जाड वायर निघते, ती वितीच्या आत फ्यूज होल्डरमधून जाते आणि 30 नंबरच्या पिनेवर येते. फ्यूज बॅटरीच्या जवळच पाहिजे. वायर कुठे घासून उघडी पडली आणि फ्रेमला लागली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा असुरक्षित राहतो; तो जितका छोटा तितकं बरं. 87 नंबरवरून लाल वायर हॉर्नच्या एका पिनेवर, जोडी असेल तर दोन फाटे. हॉर्नच्या दुसऱ्या पिनेवरून काळी जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्रेमला अर्थ दिला तरी चालतं, पण तिथे रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा लागतो आणि पावसाळ्यानंतर गंज धरतो; मी निगेटिव्ह वायर वेगळीच आणते. राहिल्या 85 आणि 86: यांवर जुन्या हॉर्नच्या दोन वायरी येतात.

इथे बरेच जण अडतात: कुठली वायर 85 वर आणि कुठली 86 वर? काही स्कूटरींत बटण पॉझिटिव्ह पुढे सोडतं, काहींत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असतो आणि बटण अर्थ देतं. वायरींचे रंगही मॉडेलगणिक बदलतात. पण साध्या रिलेच्या कॉइलला उलटसुलट काही नसतं. दोन्ही वायरी थेट कॉइलवर आणल्या की बटण कुठल्याही पद्धतीचं असो, रिले लागणारच. फक्त रिलेच्या पोटावरच्या आकृतीत कॉइलशेजारी डायोडची खूण, म्हणजे बाणासारखा त्रिकोण आणि रेघ, दिसली तर 86 वर पॉझिटिव्हच द्यावा लागतो. तेव्हा मल्टिमीटरने पॉझिटिव्ह कुठली ते तपासून घ्या.

क्रिम्पिंगकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण या कामात बिघाड होतो तो इथेच. वायर थिंबलाच्या नळीएवढीच सोला, सहा-सात मिलिमीटर. एकही तार कापली जाता कामा नये. सगळ्या तारा नळीत गेल्या, एकही बाहेर डोकावत नाही हे बघा. थिंबलाला दोन जागी दाब लागतो, एक तांब्यावर आणि एक मागे इन्शुलेशनवर. मागचा दाब वायरीला आधार देतो, नाहीतर हादऱ्यांनी वायर तांब्याच्या मुळाशी तुटते. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल बोटांत घट्ट वाटतं, पण आत तारा मोकळ्या असतात. क्रिम्पिंग टूलच वापरा, कुणाकडून तरी मागून आणा. आमच्याकडे प्रत्येक क्रिम्पनंतर वायर ओढून बघायची पद्धत आहे. इथेही तेच करा, चांगला जोर लावून ओढा. सुटली तर आत्ताच सुटू द्या. आणि थिंबलाच्या आत सोल्डर भरू नका. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि गाडीच्या थरथरीने नेमकी सोल्डर संपते तिथे वायर तुटते. ट्यूब चढवायची ती क्रिम्पच्या आधी वायरीत ओवून ठेवा.

हॉर्न त्याच्याबरोबर आलेल्या पोलादी पट्टीवरच लटकला पाहिजे. पट्टी वाकते, कंप पावते, म्हणून आवाज मोकळा येतो. ती काढून हॉर्न थेट फ्रेमला आवळला की आवाज दबतो. हॉर्नच्या सगळ्या बाजूंनी बोट फिरेल एवढी जागा सोडा. कुठे प्लास्टिकला टेकला तर आवाज फाटतो आणि पॅनेल खडखडतं. बोल्टला स्प्रिंग वॉशर घाला. विंडटोनचं तोंड खाली किंवा पुढे झुकलेलं ठेवा, वर कधीच नाही. त्र्यंबकच्या बाजूने पाऊस आला की पुढच्या चाकाचं पाणी सरळ पॅनेलमागे उडतं. रिलेही पिना खाली करून बसवा, आणि सॉकेटमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळात गळून जाईल, पिनांत जाणार नाही.

सगळं बसलं की पॅनेल लावण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. वायर ताणली जाते का, हॉर्न फोर्कला अडतो का? मग स्टँड काढून, ब्रेक दाबून स्कूटर पुढच्या बाजूने जोरात दाबा आणि मडगार्ड वर येऊन हॉर्नला लागतो का ते बघा. एकटं असताना हे नीट कळत नाही, वजनदार माणसाला बसवून दाबायला सांगा. वायरी फोर्कच्या हलत्या भागापासून दूर, फ्रेमच्या बाजूने नळीत घालून नेलेल्या हव्यात.

आता फ्यूज न लावता बॅटरी जोडा. चावी फिरवा आणि बटण दाबा. रिलेतून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आला तर कॉइलची बाजू बरोबर आहे. मग फ्यूज लावा आणि कानात बोळे घालून बटण दाबा. मी कंपनीत मिळणारे इअर प्लग घालते. एवढ्या जवळून हा आवाज कानाला इजा करतो, शेजारी उभं असलेल्या पोरांना आधी लांब पाठवा. ‘टक’ येतो पण हॉर्न वाजत नाही? फ्यूज, 30 ची वायर किंवा हॉर्नची निगेटिव्ह तपासा. ‘टक’च येत नाही? 85-86 वर व्होल्टेज येतंय का ते बटण दाबून बघा. वाजतो पण गुदमरल्यासारखा? हॉर्न कुठेतरी टेकलाय, नाहीतर क्रिम्प कच्चा आहे. शेवटी सुरुवातीचीच चाचणी: हॉर्न वाजत असताना त्याच्या पिनांवर किती व्होल्ट? आता हॉर्न वाजतानाच बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगशी अर्ध्या व्होल्टचाही फरक नको.

बॅटरीची भीती बरेच जण घालतात. स्कूटरची बॅटरी तीन ते पाच अँपिअर-तासांची असते हे खरं, पण सेल्फ मारताना ती याच हॉर्नच्या कितीतरी पट करंट देते. क्षणभराच्या हॉर्नने ती बसत नाही. सिग्नलला इंजिन मंद चालू असताना, त्यातून एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू, अशा वेळी चार्जिंग कमी असतं. तेव्हा हॉर्नवर अंगठा दाबून धरला तर ती खाली येते. इंजिन रेस केल्यावर बॅटरीवर 13.5 ते 14.5 मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर आधी रेक्टिफायर आणि चार्जिंग बघून घ्या, हॉर्न नंतर.

इलेक्ट्रिक स्कूटरवर यातलं काही करू नका. तिथे 12 व्होल्ट मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरने येतात आणि त्याची करंट देण्याची मर्यादा लाइट, डिस्प्ले, कंट्रोलर यांच्या हिशोबाने बांधलेली असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच विचारा.

पुढे पाटावर लहान मूल उभं करून नेत असाल, तर हॉर्न मुलाच्या कानापासून हातभरही लांब नसतो, मधे फक्त प्लास्टिकचं पॅनेल. हॉर्नचं तोंड बाहेर, पुढच्या बाजूला आहे ना हे त्यासाठीही बघा, आणि मूल असताना हॉर्नऐवजी वेग कमी करा. माझी जाऊबाई मुलीला शाळेत सोडते, तिच्या स्कूटरला मी मूळचाच हॉर्न ठेवलाय, फक्त रिले आणि जाड वायर टाकून. तेवढ्यानेही आवाज उघडला आणि तिला तो पुरतो. खूप जणांना एवढंच पुरेल.

महिनाभर गाडी चालली की पॅनेल पुन्हा एकदा उघडून बोल्ट आवळा, थिंबलं ओढून बघा; नवं फिटिंग हादऱ्यांनी बसतं आणि थोडं ढिलं होतं. त्यानंतर मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, आणि दिवाळीत गाडी धुताना बघितलं तरी चालतं. जुना हॉर्न त्याच्या बोल्टसकट पिशवीत घालून ठेवा. एक जादा फ्यूज सीटखालच्या डिकीत, कागदपत्रांच्या पाकिटात टाका, आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना मेकॅनिकला सांगा की बॅटरीजवळचा दुसरा फ्यूज हॉर्नचा आहे. नाहीतर जादा वायर समजून तो ती काढून टाकतो.